तेहतिशीत नीट द्यायची म्हणतेस, तर ऐक

बाये, तुझा प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळच देते. तेहतिसाव्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश मिळतो, आणि तो नियमाने मिळतो, त्यात कुणाची मेहेरबानी नसते. २०१८ साली नीटच्या अधिसूचनेत वरची वयोमर्यादा घातली होती. खुल्या प्रवर्गाला २५ वर्षं, राखीव प्रवर्गाला ३०. त्यावरून मुलं कोर्टात गेली. सर्वोच्च न्यायालयाने पंचविशीपुढच्यांना तात्पुरतं परीक्षेला बसू दिलं, आणि ऑक्टोबर २०२१ च्या बैठकीत राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ती मर्यादाच काढून टाकायचं ठरवलं. मार्च २०२२ मध्ये तसं पत्र निघालं. आता खालची अट तेवढी उरली आहे, प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण हवीत. परीक्षा किती वेळा द्यावी यालाही बंधन नाही. तेव्हा आंबोलीत कुणी 'या वयात तुला घेतंय कोण' म्हणालं, तर त्याच्याशी वाद घालत बसू नकोस.

मी स्वतः शाळेतली नोकरी सोडून तिशीनंतर या वाटेला लागले, हे तुला माहीत आहे. म्हणूनच तू मला विचारलंस. पण माझं झालं म्हणून तुझंही होईल असं मी म्हणणार नाही. तुझं घर वेगळं, तुझे पैसे वेगळे. मला माहीत असलेलं सगळं समोर ठेवते, निर्णय तू घे.

आधी एक विचारते. मेडिकल कशासाठी? तू लिहिलंस की घाटात अपघात झाला की जखमी माणूस कधी कधी तुमच्याच अंगणात आणून बसवतात, आणि १०८ ची गाडी सावंतवाडीहून वर येईपर्यंत तुला नुसतं बघत राहावं लागतं. ते दुःख खरं आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण त्या दुःखावर साडेपाच वर्षांचं शिक्षण हाच एक उपाय नाही. रक्तस्राव कसा थांबवायचा, मान न हलवता माणूस गाडीत कसा घ्यायचा, हे प्रथमोपचाराच्या वर्गात काही दिवसांत शिकता येतं, आणि ते तू नीट देवो न देवो, शिकूनच घे. डॉक्टरकी म्हणजे बहुतेक दिवस ओपीडी. ताप, खोकला, बीपी, साखर, गुडघे, पुन्हा ताप. गर्दीत प्रत्येकाला मिळणारी दोन-तीन मिनिटं, आणि त्या दोन-तीन मिनिटांत काही निसटू नये याची धास्ती. हे तुला रोज, वर्षानुवर्षं करावंसं वाटतं का, ते बघ. ओळखीच्या एखाद्या डॉक्टरांना विचारून सलग काही दिवस त्यांच्या ओपीडीत कोपऱ्यात बसून राहा. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही उद्या यावंसं वाटलं, तर पुढचं वाच.

आपल्याकडच्या प्रवेशाची एक गोष्ट मोठ्या वयाच्या माणसाने पक्की समजून घ्यायला हवी. अमेरिकेत पदवी झाल्यावरच मेडिकलला जातात. तिथे परीक्षेबरोबर निबंध लिहून घेतात, आधी काय काम केलं ते विचारतात, मुलाखत होते. इंग्लंडात पदवीधरांसाठी चार वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम आहे. आपल्याकडे यातलं काही नाही. तुझी बीएस्सी केमिस्ट्री, गोव्यातल्या औषध कंपनीतली क्वालिटी कंट्रोलची वर्षं, लॉकडाऊननंतर परत येऊन उभा केलेला होमस्टे, यातल्या कशालाच अर्जात रकाना नाही. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के, इंग्रजी विषय पास, आणि मग नीटचे गुण. बस. मला सुरुवातीला हे फार कठोर वाटायचं. आता त्यातली दुसरी बाजूही दिसते. इतका उशीर का, मधली वर्षं काय करत होतीस, लग्न झालंय, मूल आहे, मग जमेल का, असं तुला त्या दारात कुणीही विचारणार नाही.

तुझी बारावी गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेऊन झाली, हे बरं झालं. तुझ्या त्या मैत्रिणीला मात्र सांग, बारावीला बायोलॉजी नव्हतं म्हणून तिचं दार बंद झालेलं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने स्पष्ट केलं की बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डाकडून पास केलं तरी नीटला बसता येतं. आपल्या बोर्डात त्याला तुरळक विषय म्हणतात. कॉलेजात जाऊन विचारावं लागतं आणि प्रॅक्टिकलची सोय बघावी लागते.

आता परीक्षा. ७२० गुण, १८० प्रश्न, १८० मिनिटं. बायोलॉजीचे ९०, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ४५-४५. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. पेपर मराठीतूनही मिळतो, शेजारी इंग्रजी असतंच, आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात. तुझं केमिस्ट्री हाताशी आहे, पण त्यावर विसंबू नकोस. कंपनीत तू टायट्रेशन केलंस, एचपीएलसी चालवलंस, तरी इथे प्रश्न एनसीईआरटीच्या ओळीवर येतो. तू बारावी झालीस तेव्हाचा अभ्यासक्रमही आता राहिलेला नाही. २०२४ च्या परीक्षेसाठी तो बदलला, काही प्रकरणं गेली. जुन्या वह्या माळ्यावरून काढू नकोस, नवीन अभ्यासक्रम उतरवून घे आणि एनसीईआरटीची चालू आवृत्ती आण.

फिजिक्सला सगळ्यांत जास्त वेळ दे. मोठ्या वयात पाठांतर कमी होतं म्हणून लोक घाबरतात. मला तसा अनुभव नाही. बायोलॉजी समजून वाचलं की राहतं, उलट जग पाहिलेल्या माणसाला जास्त लवकर राहतं. जातो तो गणिताचा हात. लॉगॅरिदम, त्रिकोणमिती, साधा भागाकारसुद्धा कॅल्क्युलेटरशिवाय करायची सवय मोडलेली असते, आणि मिनिटाला एक प्रश्न या वेगात ती मोडलेली सवय उघडी पडते. रोज सकाळी अर्धा तास नुसती आकडेमोड कर, कागदावर, हाताने.

किती गुण लागतील असं विचारू नकोस, कारण त्याचं एक उत्तर नाही. २०२४ मध्ये ज्या गुणांना आपल्या राज्यात सरकारी जागा हुकली, त्याहून कितीतरी कमी गुणांना २०२५ मध्ये ती मिळाली, कारण त्या वर्षी पेपर फार अवघड होता. बघायचा तो क्रमांक. देशभरात बावीस लाखांहून जास्त जण बसतात आणि एमबीबीएसच्या जागा लाखाहून थोड्या जास्त, त्यातही सरकारी निम्म्याच्या आसपास. हे आकडे रोज डोळ्यांसमोर ठेवायची गरज नाही, पण एकदा नीट बघून घे.

आंबोलीत राहून अभ्यास कसा करायचा, हे तुला बाहेरचं कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या रविवारच्या सुमाराला असते. म्हणजे तुझं खरं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे काय असतं ते तू जाणतेस. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणारं गाव. कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी लागते, लाईट गेली की कधी येईल याचा नेम नाही, आणि शनिवार-रविवारी धबधब्यावरची सगळी गर्दी तुमच्या दारात. ते दोन दिवस अभ्यासातून सोडूनच दे, त्यांच्यावर हिशेब मांडू नकोस. सोमवार ते गुरुवार मिळतात, ते सोन्यासारखे जप. व्हिडिओवर अवलंबून राहू नकोस. रेंज असेल तेव्हा धडे उतरवून ठेव आणि छापील पुस्तकावर अभ्यास बसव. ऑक्टोबरनंतर धुकं निवळलं की चार-पाच महिने चांगले मिळतात. त्यातही दिवाळी आणि नाताळचे दिवस पाहुण्यांचे. फेब्रुवारीपासून दर आठवड्याला एक पूर्ण पेपर, दुपारी दोन ते पाच, त्याच वेळेला. एप्रिलमध्ये निदान एक महिना होमस्टेचं बुकिंग बंद ठेवता आलं तर ठेव. नवऱ्याशी हे आत्ताच बोलून घे, मार्चमध्ये नको.

कागदपत्रांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्या वयाच्या बायकांचं पाऊल अडतं ते तिथे. दहावीच्या मार्कलिस्टवर तुझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. अठरा वर्षांच्या मुलीला ही अडचण येतच नाही. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रात नाव बदलल्याची नोंद, दोन्ही हाताशी ठेव, आणि अर्जात कुठलं नाव घालायचं ते त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचून ठरव. अधिवासाचा दाखला लागतो. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते, ती तुझी आहे. पण गोव्यात नोकरीला असताना रेशनकार्ड किंवा मतदारयादीतलं नाव तिकडे हलवलं होतंस का? हलवलं असेल तर आधी ते निस्तर. बांबोळी आपल्याला इतकं जवळचं, आपले निम्मे पेशंट तिथेच जातात, म्हणून गोवा मेडिकल कॉलेजात आपल्याला जागा मिळेल असं वाटतं. तिथल्या राज्याच्या जागा गोव्याच्या रहिवाशांसाठी आहेत. तुला तिथे जायचंच असेल तर देशपातळीवरच्या १५ टक्क्यांतून. याशिवाय शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र, शाळा सोडल्याचा दाखला, असल्यास जातवैधता. जातवैधतेला महिने लागतात, ती निकालानंतर काढायला गेलीस तर जागा हातची जाईल.

निकाल जूनमध्ये लागतो आणि राज्याच्या केंद्रीय प्रवेशाचे, म्हणजे कॅपचे, राउंड चालतात जुलै ते सप्टेंबर, म्हणजे ऐन पावसात. पसंतीक्रम भरायला मोजके दिवस देतात. नेमकी त्या दिवशी दरड आली, वीज गेली, टॉवर बंद पडला, तर हे प्रवेश चालवणारा सीईटी सेल तुझ्यासाठी मुदत वाढवणार नाही. त्या आठवड्यात सावंतवाडीला कुणाकडे तरी जाऊन राहा. फॉर्म स्वतः भर. कॅफेवाल्याला पासवर्ड देऊन 'तूच कर' म्हणू नकोस. आणि 'अमुक कॉलेजात जागा करून देतो' म्हणून फोन येतील, ते ठेवून दे. नीटशिवाय आणि कॅपशिवाय खाजगी कॉलेजातलीही एमबीबीएसची जागा भरली जात नाही.

आपल्या जिल्ह्यात ओरोसला २०२१ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, १०० जागांचं. तू ते पहिल्या पसंतीला ठेवशील हे मला ठाऊक आहे. ठेव, पण एवढ्यावरच थांबू नकोस. पूर्वी राज्यात ७०-३० असा विभागवार कोटा होता, तो सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. आता कोकणातल्या मुलीला नांदेडची जागा आणि नांदेडच्या मुलीला ओरोसची, दोन्ही गुणांवर. यादीत लांबची कॉलेजंही घालावी लागतील, आणि लांबचं मिळालं तर जाणार का, हे घरात आधी ठरलेलं हवं. ओरोस मिळालं तरी घाट चढून-उतरून रोज ये-जा होणार नाही. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. पोराला कोण बघणार? सासूबाईंना गृहीत धरू नकोस, त्यांच्याशी बोल. त्यांचंही वय होतंय.

पैशाचं बोलते. सरकारी कॉलेजची फी वर्षाला लाख-दीड लाखाच्या घरात धर. खाजगीला त्याच्या कित्येक पट. मुलींसाठी राज्याने २०२४ पासून शिक्षणशुल्काची सवलत आणली आहे, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना. तू त्यात बसतेस का आणि उत्पन्नाचा दाखला कुणाच्या नावाचा लागेल, हे तहसील कार्यालयात जाऊन विचार. पण फी हा मोठा खर्च नाहीच. मोठा खर्च म्हणजे तुझी साडेचार वर्षांची गेलेली कमाई. त्यानंतरच्या इंटर्नशिपच्या वर्षात महिन्याला अठरा हजारांच्या आसपास विद्यावेतन मिळतं. पुढे सरकारी कॉलेजातून शिकलीस तर एक वर्ष शासकीय सेवेचं बंधपत्र, ते पाळलं नाही तर दहा लाख. मी ते वर्ष आनंदाने करते आहे, कारण मला करायचं होतं तेच काम तिथे आहे. तुझं वय तेव्हा चाळिशीला टेकलेलं असेल. पुढे एमडी करायचं तर आणखी एक परीक्षा आणि तीन वर्षं. हे सगळं एका कागदावर मांड, वर्षाच्या रकान्यासमोर तुझं वय, मुलाची इयत्ता, आईवडिलांचं वय आणि घरात येणारा पैसा. तो कागद नवऱ्याबरोबर बसून भर.

परदेशाचं कुणी सुचवेल. रशिया, जॉर्जिया, फिलिपिन्स. त्यालाही नीट पात्र व्हावं लागतं. २०२१ च्या नियमांनुसार निदान ५४ महिन्यांचा इंग्रजीतला अभ्यासक्रम, तिथे एक वर्षाची इंटर्नशिप, परत आल्यावर इथली परीक्षा आणि पुन्हा इथे इंटर्नशिप. मूल लहान असताना हे करू नकोस, असं मी स्पष्ट सांगते. त्यापेक्षा सावंतवाडीचं भाईसाहेब सावंत आयुर्वेद महाविद्यालय घराजवळ आहे, प्रवेश नीटवरूनच होतो. पण आयुर्वेद मनापासून शिकायचं असेल तरच. एमबीबीएस हुकलं म्हणून गेलेल्या मुली तिथे वर्षानुवर्षं कुढताना मी पाहिल्या आहेत.

लोक तुला ओडिशातल्या जयकिशोर प्रधानांचं उदाहरण देतील. स्टेट बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, २०२० साली ६४ व्या वर्षी नीट पास होऊन बुर्ल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात गेले. मला त्यांचा फार आदर वाटतो. पण त्यांची नोकरी पूर्ण होऊन झाली होती. तुझा आणि त्यांचा हिशेब एक नाही. मला जवळचे वाटतात ते भाऊ दाजी लाड. इथून खाली, पेडण्यातल्या मांद्र्याचे. गरिबीत मुंबईला गेले, शिकले, एल्फिन्स्टनमध्ये शिक्षक झाले. नोकरी होती, निबंधाला बक्षीस मिळून नाव झालं होतं. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं तेव्हा ती मास्तरकी सोडून ते पुन्हा बाकावर बसले, आणि १८५१ च्या पहिल्या तुकडीत डॉक्टर होऊन बाहेर पडले. पुढे भावाबरोबर गरिबांसाठी दवाखाना चालवला, कुष्ठरोगावर औषध शोधत राहिले. आणि रखमाबाई. नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल १८८७ मध्ये लागला, तेव्हा तुरुंग पत्करते म्हणाली. ते प्रकरण मिटल्यावर १८८९ मध्ये, पंचविशीच्या उंबरठ्यावर, लंडनला मेडिकलला गेली. त्या काळी बाईचं शिक्षण त्या वयात कधीच संपलेलं असायचं.

वर्गातलं सांगते. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. शेजारी बसलेली मुलगी तुझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी लहान. पहिला महिनाभर ती तुला मॅडम म्हणेल, मग ताई. तिच्याकडून शिक. ती नुकतीच क्लासमधून आलेली आहे, तिचा वेग तुझ्यापेक्षा जास्त. तू तिला दुसरं काही देऊ शकतेस. घरची आठवण येऊन रात्री रडणाऱ्या मुली प्रत्येक होस्टेलवर असतात. डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, पहिले काही दिवस जेवण जात नाही, ते सगळ्यांचंच होतं. पाठ आणि गुडघे मात्र आपलेच दुखतात. रात्रपाळीनंतरचा दिवस विशीतल्या मुलांना सोसतो, आपल्याला झोप काढावी लागते. आतापासून चालायला लाग.

आणि तुझी ती वर्षं, ज्यांना अर्जात रकाना नाही, ती इथे कामाला येतात. इंटर्नशिपमध्ये एकदा एक म्हातारी तापाने आली. चार दिवस ताप, डोकं ठणकतंय, अंग मोडून आलंय. शहरातून आलेला माझा सहकारी कार्डावर सगळं बरोबर लिहीत होता. मी तिच्या हातांकडे बघितलं. बोटांवर काजूच्या चिकाचे काळे डाग. मी विचारलं, 'आजये, काजूत गेल्लंस काय?' म्हणाली, 'काजी पुंजावक जातंय मगे, रोज.' पाचोळ्यात वाकून काम, फेब्रुवारी संपत आलेला. पुढचा प्रश्न गोचिडीचा, मग आसपास माकडं मेलेली दिसली का. २०१६ मध्ये दोडामार्गातल्या केर गावात माकडताप आला, पुढे बांद्याच्या बाजूलाही रुग्ण सापडले, हे आपल्या भागात पोरालाही माहीत आहे. डॉक्टरांनी लगेच रक्ताचा नमुना पाठवला. माकडताप पुस्तकातही आहे, पण आजीच्या बोटांकडे बघायचं पुस्तकाने मला शिकवलं नसतं. तू वर घाटमाथ्यावर वाढलीस. कोण कुठल्या महिन्यात रानात जातं, कोण भातलावणीत अनवाणी उभं राहतं आणि मग लेप्टोने आजारी पडतं, कोण पैसे नाहीत म्हणून बांबोळीला जायचं टाळतं, हे तुला सांगावं लागणार नाही.

म्हणून माझं मत विचारशील तर, दोन वर्षं दे. एक अभ्यासाचं, आणि पहिल्या खेपेला थोडक्यात हुकलं तर आणखी एक. होमस्टे बंद करू नकोस, या दोन वर्षांत तोच तुझा आधार आहे. दोन वर्षांत क्रमांक जवळपासही आला नाही, तर थांब. तेव्हा थांबायला मीच सांगेन आणि तू माझं ऐकायचं.

या आठवड्यात पुस्तक विकत घेऊ नकोस. दहावीची मार्कलिस्ट, बारावीची मार्कलिस्ट, आधार आणि लग्नाचा दाखला टेबलावर शेजारी शेजारी ठेव आणि चारही ठिकाणी नाव अक्षरन् अक्षर कसं लिहिलंय ते बघ. फोटो काढून मला पाठव. रविवारी संध्याकाळी मला ड्युटी नाही, तेव्हा फोन कर, आणि नवऱ्यालाही शेजारी बसव. मला त्याच्याशीही बोलायचं आहे.